ठोके नॉर्मल झाले, मग गोळ्या कशाला चालू ठेवायच्या?

पत्र: डॉक्टरताई, मी संगमनेर तालुक्यातली, वय २६, गरोदर आहे, पहिलीच वेळ. २८व्या आठवड्यात नेहमीच्या चेकअपला गेले तर आमच्या मॅडम बाळाचे ठोके ऐकता ऐकता एकदम गप्प झाल्या, परत ऐकले, घड्याळ लावून मोजले आणि म्हणाल्या २४० च्या आसपास येतायत, आजच्या आज पुण्याला जा. तिथे फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) झाला. एसव्हीटी (ठोके एकदम अति वेगाने पडण्याचा त्रास) आहे, हृदयाची रचना चांगली आहे, पण हृदयाभोवती थोडं पाणी दिसतंय असं सांगितलं. मला ऍडमिट करून डिजॉक्सिन दिलं, मग फ्लेकेनाइड पण सुरू केलं, आणि काही दिवसांनी ठोके १४० वर आले. आता ३०वा आठवडा चालू आहे, घरी आहे, दर आठवड्याला इकोला जाते. घरात सगळ्यांचं म्हणणं की ठोके नॉर्मल झाले, आता चांगल्या धडधाकट बाईने हार्टच्या गोळ्या कशाला खायच्या. आजेसासऱ्यांनाही डिजॉक्सिन चालू आहे, ते रोज एकच घेतात आणि तेही आठवड्यातून पाच दिवस, मला मात्र त्यांच्यापेक्षा जास्त दिलीय. आत्येसासूबाई म्हणतात सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, म्हणून आठवा लागायच्या आत सिझर करून बाळ बाहेर काढा आणि काय ती ट्रीटमेंट त्यालाच द्या. नणंदेने ठोके ऐकायचं मशीन ऑनलाइन मागवलंय. मी पाचव्या महिन्यापर्यंत स्कूटी चालवली, ग्रहणही पाळलं नाही, त्यामुळे झालं का हे? काय करू मी?

उत्तर:

अगं, आधी एकच सांगते मग बाकीचं सविस्तर बोलू. गोळ्या बंद करू नकोस. एकही डोस घरच्या चर्चेवरून कमी करायचा नाही, चुकवायचा नाही, आणि शनिवार-रविवार सुट्टी तर अजिबात घ्यायची नाही. आजेसासऱ्यांचं वय झालंय, त्या वयात किडनीचं काम मंदावतं, औषध शरीरात साचून राहतं म्हणून आपल्याकडे बरेच डॉक्टर ते आठवड्यातून पाचच दिवस देतात. तुझं उलट आहे. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं, किडनी जोरात काम करते, औषध भराभर लघवीवाटे निघून जातं, आणि उरलेल्यातलं वारेतून पलीकडे बाळापर्यंत पोचायला हवं. म्हणून तुझा डोस मोठा आहे. तुमच्या दोघांच्या गोळीचं नाव सारखं आहे एवढंच, बाकी हिशोब पूर्ण वेगळा.

आता ठोके नॉर्मल झाले तर गोळ्या का, हा घरच्यांचा प्रश्न वेड्यासारखा नाहीये, कुणालाही पडेल. ताप उतरला की पॅरासिटामॉल थांबवतो तसंच डोक्यात येतं. पण तुझ्या बाळाला नेमकं काय झालंय ते कळलं की उत्तर आपोआप मिळेल.

हृदयाचे वरचे दोन कप्पे आणि खालचे दोन कप्पे, यांच्यामध्ये विजेचा सिग्नल जायला एकच अधिकृत रस्ता असतो. बाकी सगळीकडे मध्ये अशी एक भिंत असते जिच्यातून वीज जात नाही. गर्भात हृदय तयार होताना काही बाळांमध्ये त्या भिंतीत एखादा बारीकसा धागा राहून जातो, म्हणजे मुख्य रस्त्याशिवाय एक आडवाट. मग कधीतरी सिग्नल मुख्य रस्त्याने खाली उतरतो, आडवाटेने परत वर येतो, परत खाली, परत वर, आणि असा गोल गोल फिरत बसतो. प्रत्येक फेरीला एक ठोका. म्हणून २२०, २४०, २६० असे आकडे येतात. नॉर्मल बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात, हालचाल केली की थोडे वर जातात, पण २०० च्या वर जाऊन तिथेच चिकटून बसत नाहीत.

इतक्या वेगाने हृदय चाललं की दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त भरायला वेळच उरत नाही. भरलं नाही तर पुढे काय ढकलणार? मागे दाब वाढतो आणि पाणी झिरपायला लागतं, आधी हृदयाभोवती, मग पोटात, फुप्फुसांभोवती, कातडीखाली. असं दोन-तीन ठिकाणी पाणी साचलं की त्याला हायड्रॉप्स म्हणतात आणि तिथून गोष्ट खरंच गंभीर होते. तुझ्या बाळाला फक्त हृदयाभोवती थोडं पाणी होतं, म्हणजे तुमच्या मॅडमनी वेळेत पकडलं. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. गर्दीच्या ओपीडीत थांबून, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे आणि शंका आल्यावर त्याच दिवशी पुढे पाठवायचं, यातच अर्धी लढाई जिंकली जाते. कारण अशा बाळाच्या आईला स्वतःला काहीच जाणवत नाही, फार तर हालचाल कमी वाटते.

तर औषधाने काय केलंय? आडवाट नाहीशी केलेली नाही. ती तिथेच आहे. औषधाने सिग्नलचं फिरणं थांबवून धरलंय, बस. औषध काढलं की चक्र परत सुरू होऊ शकतं, आणि ते कधी सुरू झालं हे तुला कळणार नाही, थेट पुढच्या इकोला कळेल, तोपर्यंत पाणी वाढलेलं असू शकतं. म्हणून साधारणपणे हे औषध डिलिव्हरीपर्यंत चालू ठेवतात, आणि डोस कमी-जास्त करायचा असेल तर ते तुझा ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि बाळाचा इको बघून तुझे डॉक्टर ठरवतील.

आणि हे काही आत्ता कुठेतरी सुरू झालेले प्रयोग नाहीत. डिजॉक्सिन ज्या झाडापासून आलं त्या फॉक्सग्लव्हच्या पानांबद्दल विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ मध्येच लिहून ठेवलंय, आणि आईला औषध देऊन पोटातल्या बाळाच्या हृदयाची गती आणायची पद्धत १९८० च्या दशकापासून जगभर वापरात आहे. जपानमधल्या अनेक हॉस्पिटलांनी मिळून याचा नीट आखून अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिजॉक्सिन, सोटालॉल, फ्लेकेनाइड ही औषधं एकेकटी किंवा जोडीने ४९ आयांना दिली होती आणि ४४ बाळांचे ठोके ताळ्यावर आले. आयांना मळमळ, चक्कर असे त्रास बऱ्याच जणींना झाले, पण बहुतेकींना ते सोसण्यासारखे होते. हे तुझ्या घरच्यांना वाचून दाखव, नाहीतर त्यांना वाटेल डॉक्टर अंदाजाने काहीतरी देतायत.

आता आत्येसासूबाईंचं. त्यांच्याबद्दल मनात राग धरू नकोस, त्या बाळाच्या काळजीनेच बोलतायत आणि त्यांनी हे त्यांच्या आईकडून ऐकलेलं असणार, आपल्याकडे घराघरात ऐकू येतं हे. पण हे चूक आहे, आणि तुझ्या बाबतीत धोकादायक चूक आहे. आठव्यातलं बाळ सातव्यातल्या बाळापेक्षा नेहमीच जास्त तयार असतं. फुप्फुसं उघडी ठेवणारा एक पदार्थ बाळाच्या शरीरात आठवड्यागणिक वाढत जातो, मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या आठवड्यागणिक बळकट होतात, दूध ओढायची ताकद नंतर येते. ३०व्या आठवड्यात बाळ बाहेर काढलं तर त्याला आधी श्वासासाठी झगडावं लागेल, कदाचित मशीनवर ठेवावं लागेल, इन्फेक्शनची भीती, मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती, आणि एवढं सगळं चालू असताना ठोके परत २४० झाले तर त्या सव्वा-दीड किलोच्या जिवाला हार्टचं औषधही द्यावं लागेल. आज ते तुझ्या पोटात आहे, ऊब आहे, ऑक्सिजन आहे, खाणं आहे आणि औषधही पोचतंय, तेही सुई न टोचता. जगातला कुठलाही एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) याच्याइतका चांगला नाही. लवकर बाळंत करायची वेळ येते, नाही असं नाही, पण ती औषधांनी ठोके आटोक्यात येतच नसतील आणि पाणी वाढत चाललं असेल तेव्हा, किंवा ३७ आठवडे जवळ आले असतील तेव्हा. तुझं तसं काहीच नाहीये.

(हायड्रॉप्स झालेल्या बाळांमध्ये वारेला सूज असते त्यामुळे डिजॉक्सिन नीट पलीकडे जात नाही, तिथे फ्लेकेनाइड किंवा सोटालॉल जास्त उपयोगी पडतात, आणि कधी कधी सोनोग्राफीत बघत बघत थेट बाळाच्या मांडीत किंवा नाळेत इंजेक्शन देतात. हे सांगतेय कारण लोकांना वाटतं गोळ्या चालल्या नाहीत की सगळं संपलं. तसं नसतं, पुढच्या पायऱ्या आहेत.)

घरी असताना तुला ज्या गोष्टींवर लक्ष ठेवायचंय त्या नीट वाच, शक्यतो नवऱ्यालाही वाचायला दे. खूप मळमळ, उलट्या, जेवणावरची वासनाच उडणं, नजरेला पिवळसर किंवा धूसर दिसणं, तुझी स्वतःची छाती धडधडणं, भोवळ येऊन पडायला होणं, यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन. डिजॉक्सिन रक्तात जास्त झालं की असं होतं आणि फ्लेकेनाइडनेही डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर येते. म्हणूनच ते तुझा ईसीजी परत परत काढतात, रक्तातली डिजॉक्सिनची लेव्हल आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम बघतात. पोटॅशियम कमी झालं की डिजॉक्सिन अंगावर उलटतं. जुलाब-उलट्या झाल्या तर हे विशेष लक्षात ठेव, ‘पोट बिघडलंय, होईल बरं’ म्हणून घरी बसायचं नाही.

आणि इथे एक गोष्ट जी डॉक्टर विचारायला विसरतात आणि आपण सांगायला विसरतो: काढा. ज्येष्ठमध. घसा धरला की आपल्याकडे पहिली ज्येष्ठमधाची कांडी तोंडात जाते, गरोदर बाईला तर ‘हे घरगुती आहे, याने काही होत नाही’ म्हणून आवर्जून देतात. ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं की पोटॅशियम उतरतं. त्यामुळे डिलिव्हरी होईपर्यंत ज्येष्ठमध बंद, मग ते काढ्यात असो, चूर्णात असो की खोकल्याच्या गोळीत. तसंच ऍसिडिटीचं पातळ औषध डिजॉक्सिनच्या सोबतच घेऊ नकोस, त्याने गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये किती अंतर ठेवायचं ते विचारून घे. मेडिकलवाल्याकडून परस्पर उलटीची गोळी किंवा अँटिबायोटिक आणायचं नाही. ऑन्डान्सेट्रॉन, क्लॅरिथ्रोमायसिन ही नावं आपल्या ओळखीची झालीत, पण हार्टच्या औषधांसोबत ती ईसीजीत गडबड करू शकतात, क्लॅरिथ्रोमायसिनने तर रक्तातलं डिजॉक्सिनही वाढतं. दातांच्या डॉक्टरकडे गेलीस तरी आधी सांगायचं, मी डिजॉक्सिन आणि फ्लेकेनाइडवर आहे.

नणंदेने मागवलेलं मशीन. मनापासून आणलंय तिने, पण ते कपाटात ठेवून दे. घरगुती डॉपलरवर बऱ्याचदा आईचीच नाडी ऐकू येते आणि आपण बाळाची समजून खूश होतो किंवा घाबरून रात्री दोनला गाडी काढतो. त्याहून वाईट म्हणजे ठोके फार वेगवान असले की मशीन दोन ठोक्यांना एक समजून आकडा निम्मा दाखवू शकतं. म्हणजे खरे २४० आणि स्क्रीनवर १२०, आणि घरात सगळे म्हणणार बघ, नॉर्मल आहे. हॉस्पिटलात पोटाला पट्टा बांधून ठोक्यांचा आलेख काढतात त्या सीटीजी मशीनलाही हा घोटाळा होऊ शकतो, म्हणून तर तुला दर वेळी इकोसाठी एवढ्या लांब बोलावतात. पोटातल्या बाळाचा मोठ्या माणसासारखा ईसीजी काढता येत नाही, सिग्नल फार बारीक असतो आणि बाळाच्या अंगावरचा तो पांढरा चिकट थर वीज अडवतो. म्हणून इकोत एकच रेघ अशी पाडतात की ती वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कप्प्यांतून जाईल, मग दोघं कधी हलतायत, एकास एक हलतायत का, कोण आधी आणि कोण नंतर, हे डॉक्टर त्या रेघेवर मोजतात. त्यावरूनच कळतं की एसव्हीटी आहे की एट्रियल फ्लटर, ज्यात वरचे कप्पे मिनिटाला ३०० ते ५०० वेळा फडफडतात आणि खालचे साधारण त्याच्या निम्मे. दोन्हीची औषधं थोडी वेगळी पडतात. हे काम घरच्या मशीनचं नाही. आणि हो, प्रत्येक इकोला तोच फॉर्म एफ परत भरावा लागतो म्हणून वैतागू नकोस, १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्याने तो लागतोच.

मशीनऐवजी हालचालींवर लक्ष ठेव. तुझ्या बाळाची रोजची लय तुला आता कळली असेल, त्यापेक्षा स्पष्ट कमी वाटली की डाव्या कुशीवर आडवी हो, लक्ष देऊन बघ, आणि तरी शंका राहिली तर सरळ जा. ‘उगाच आलीस’ असं कुणी म्हणालं तरी चालेल.

स्कूटी आणि ग्रहण. नाही गं. स्कूटीने नाही, ग्रहणाने नाही, मोबाइलने नाही, नवऱ्याशी भांडलीस त्याने नाही, डोहाळे पुरवले नाहीत त्यानेही नाही. तो धागा राहून जातो तो हृदय तयार होत असतानाच, तेव्हा बाळ जेमतेम बोटाच्या पेराएवढं असतं. तुझ्या हातात तेव्हा काहीही नव्हतं. जे तुझ्या हातात होतं, म्हणजे चेकअपला जाणं, सांगितल्या दिवशी पुण्याला पोचणं, ऍडमिट होणं, गोळ्या घेणं, ते तू सगळं केलंस. घरात कुणी पुन्हा ग्रहण काढलं तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव.

आता हे सदर बाकीच्या पण गरोदर बायका वाचतात, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी, नाहीतर सगळ्याच घाबरतील. सोनोग्राफीत ‘मध्येच ठोका चुकतोय’ असं सांगितलं तर बहुतेक वेळा तो वेळेआधी पडलेला एखादा जास्तीचा ठोका असतो, तो आपोआप जातो, औषध लागत नाही. शंभरातल्या दोन-तीन बाळांमध्ये तो पुढे वेगवान ठोक्यांकडे वळू शकतो म्हणून ठोके आठवड्या-दोन आठवड्यांनी ऐकत राहायचं, एवढंच.

पण ठोके सतत मंद असतील, शंभराच्या खाली, तर ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याबद्दल मला जास्त कळकळ आहे, कारण त्यात आईच्या रक्तात अँटी-रो (anti-Ro) नावाच्या अँटीबॉडी असू शकतात आणि आईला त्याचा पत्ताच नसतो. ल्युपस किंवा शोग्रेन (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे आजार) असलेल्या बायकांमध्ये त्या सापडतात, पण काहींना फक्त डोळे-तोंड कोरडं पडणं एवढंच असतं, काहींना तेही नसतं. या अँटीबॉडी वारेतून जाऊन बाळाच्या हृदयातला तो मुख्य रस्ताच खराब करतात, बहुतेक वेळा १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, आणि पूर्ण ब्लॉक झाला की तो परत जुळत नाही, बऱ्याच मुलांना जन्मानंतर पेसमेकर लागतो. अँटीबॉडी असलेल्या शंभर बायकांमध्ये हे एखाद-दोघींच्याच बाळाला होतं, पण एका बाळाला झालं असेल तर पुढच्या वेळी धोका बराच वाढतो, साधारण सहात एक. अशा आईने पुढच्या गरोदरपणात दहावा आठवडा उलटायच्या आत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध सुरू केलं तर हा धोका निम्म्याहून खाली येतो असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे दिवस राहायच्या आधीच संधिवाताच्या डॉक्टरांना भेटायला हवं. ज्यांचं बाळ आधी अशा मंद ठोक्यांमुळे गेलंय आणि ज्यांना ‘नशीब’ म्हणून घरी पाठवलं गेलंय, त्यांनी ही रक्ततपासणी नक्की मागून घ्यावी, माझी हात जोडून विनंती आहे.

परत तुझ्याकडे येते. पुढचं प्लॅनिंग आत्तापासून कर. डिलिव्हरी जिथे बालहृदयरोग तज्ज्ञ आणि एनआयसीयू एकाच ठिकाणी आहेत तिथेच करायची, पहिली म्हणून माहेरी गावच्या दवाखान्यात ही पद्धत या वेळी बाजूला ठेवावी लागेल, तुझ्या आईलाच तिकडे राहायला बोलव. ठोके नॉर्मल राहिले तर नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते, निव्वळ एसव्हीटी होती म्हणून सिझर करावंच लागतं असं नाही. कळांच्या वेळी ठोके वेगवान असतील तर मात्र बाळ दमलंय की नाही हे मशीनवर ओळखता येत नाही, तेव्हा सिझर सांगितलं तर वाद घालू नका.

जन्मल्यावर बाळाचा ईसीजी निघेल आणि काही दिवस मॉनिटरवर ठेवतील. बऱ्याच बाळांना पहिल्या काही आठवड्यांत एकदा तरी परत वेगवान ठोके होतात, म्हणून डिस्चार्ज मागायची घाई नको. औषध लागलं तर पातळ स्वरूपात देतात, साधारण वर्षभर, आणि बहुतेक मुलांची ती आडवाट पहिल्या वर्षात निपचित पडते. तू विचारलं नाहीस पण मनात असणारच, तर हो, शाळेत जाईल, पळेल, खेळेल. काही थोड्या मुलांना मोठेपणी परत त्रास होतो, तेव्हा मांडीतून वायर घालून तो धागा कायमचा बंद करता येतो. अंगावर दूध पाजायला या औषधांमुळे अडचण येत नाही, दुधात फार थोडं उतरतं, तरी डिलिव्हरीनंतर तुझ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घे.

घरी आणल्यावर बाळ दूध ओढेनासं झालं, पांढरं पडलं, श्वास भरभर घ्यायला लागलं, किंवा विनाकारण तासन्‌तास किरकिर करत राहिलं तर छातीवर हात ठेवून बघा, ठोके मोजता येणार नाहीत इतके वेगवान लागले की सरळ हॉस्पिटल गाठा, वाटेत कुणाचा सल्ला घेत बसू नका. आणि एक फाईल कर: सगळे इकोचे रिपोर्ट, तुझे ईसीजी, डिजॉक्सिन लेव्हलचे कागद, कुठल्या तारखेला कुठली गोळी किती वाढवली ते एका पानावर, आणि रात्री फोन करायचा नंबर वरच मोठ्या अक्षरात. ती फाईल नवऱ्याला कुठे ठेवलीय ते माहीत हवं. पुढच्या इकोला आत्येसासूबाईंनाही सोबत घेऊन जा, शक्य असेल तर डॉक्टरांना सांग की यांना ती रेघ दाखवून समजवा, त्यांनी स्वतः बघितलं की घरातला निम्मा वाद तिथेच मिटेल.